सोयरिकीची चौकशी आणि आमचा नेटवाला

इकडं या, जवळ बसा. दारात उभं राहून ऐकायची खोड काही जात नाही तुमची. ऐकायचं तर समोर बसून ऐका.

आमच्या अमरावतीच्या गल्लीत एक नेटवाला होता. काही विचारलं की आधी कान खाजवायचा, मग म्हणायचा, "दिसते सारं, बाई. पण मी पाहत नाही."

घराघरांत तारा त्यानंच ओढलेल्या. कोणत्या घरातून कधी काय उघडलं, त्याची नोंद त्याच्या दुकानातल्या मशीनमध्ये आपोआप राहायची. सरकारचा तसा नियम होता म्हणे. हे गल्लीला कळलं अन् त्याचा मान एकदम जावयासारखा वाढला. कॉलेजातली पोरं त्याला पाहून गाडीवरून उतरायची. एक रिटायर मास्तर त्याच्या घरी संत्र्यांची थैली ठेवून गेले. कशाबद्दल, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

तेव्हा कापसानं सगळ्यांचे हाल केले होते. शेतीवाल्या घरी पोरगी द्यायला बाप धजत नव्हते. अशात शेजारच्या फुलवाल्या भाऊंच्या पोरीला पगारी स्थळ आलं. पोरगा आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा, लॅबमध्ये रक्त तपासायचा. पोरीला तो मनापासून आवडला होता. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, हे जमलंच पायजे. बाबाचं काही खरं नाही."

खरंच नव्हतं. भाऊ चौकशीला थेट नेटच्या दुकानात गेले. साक्षीला मला नेलं.

"पोरगा खोलीत एकटा असला की काय पाहते, तेवढं सांग."

नेटवाल्यानं कान खाजवला. "पोलिसाचा कागद आला तरच काढतो, भाऊ."

"म्हणजे काहीतरी आहे."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तं. चांगलं असतं तं सांगितलं असतं. मोडतो मी सोयरीक."

घ्या. बोलला तर पोराचा विश्वास जात होता, गप्प बसला तर पोरीचं लग्न. मी हळूच म्हटलं, "बाबू, काहीतरी कर."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. "बरं. पण सोयरीक दोन घरची असते. पोरीवाल्याचं आधी काढतो. बाई आहेतच ऐकाले."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घामाघूम झाले होते. "चहा सांग," म्हणाले. चहा संपल्यावर म्हणाले, "तसा पोरगा चांगलाच आहे. मले आधीपासून वाटे."

लग्नात नेटवाला पहिल्या पंगतीला होता. मी विचारलं, "खरंच काढणार होतास काय रे?"

"काढतो कशातून, बाई? लोडशेडिंग होतं ना. पंखा तरी कुठं फिरून राहिला होता?"

पुढं मोबाइलवर स्वस्त नेट आलं. त्याच्या तारा कोणी घेईना. हिवरखेडला आपल्या गावी गेला, अन् गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारला.

आता माझी नोंद कोण ठेवते, देव जाणे. एकदा मोबाइलवर गुडघ्याचं तेल पाहिलं, तर आठवडाभर तेलाच्याच जाहिराती दाखवून राहिले. आता कोणाच्या दुकानात जाऊन म्हणू, की बाबू, कोणाले सांगू नको?

तुम्ही या पुन्हा, लवकर या. फोन बाहेर चपलांपाशी ठेवू, अन् सगळ्या गल्लीबद्दल पोटभर बोलू.