मातीच्या माणसाची मान

सही करायला मी नाही म्हटलं तेव्हा साहेब आधी हसले. "सिस्टर, इतके दिवस गुपचूप करत होतात, आजच काय झालं?"

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका कंपनीत ॲम्ब्युलन्सवर नर्स होते. हमरस्त्यावर अपघात झाला की आम्हालाच बोलावणं यायचं, कारण पत्रा कापायचं यंत्र आसपास फक्त आमच्याकडे होतं. ते आलं तेव्हा मुंबईहून एक शिक्षक येऊन तीन दिवस शिकवून गेले. एक गोष्ट त्यांनी आमच्याकडून घोकूनच घेतली: माणूस गाडीतून ओढायचा नाही, माणसाभोवतीची गाडी कापून काढायची. एकाने मागे बसून डोकं धरायचं आणि मान हलू द्यायची नाही. नंतर प्रमाणपत्रं भिंतीवर गेली, यंत्र कपाटात गेलं, आणि दर तीन महिन्यांनी रजिस्टरात 'सराव झाला' असं लिहून ॲम्ब्युलन्सवरचे आम्ही पाचही जण सह्या ठोकत राहिलो.

त्या पावसाळ्यात कासूजवळ एक टेम्पो झाडावर आदळला. आत अडकलेला माणूस शुद्धीवर होता, पाय हलवत होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गर्दी ओरडायला लागली, "ओढा, ओढा!" आणि यंत्राला हातही न लावता आमच्या माणसांनी काखेत हात घालून त्याला ओढला. मला सगळं कळत होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. ॲम्ब्युलन्समध्ये तो मला म्हणाला, "बाय, माजे पाय कुठं हायत?" तो परत कधी चालला नाही.

म्हणून सही नाही.

"तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, लक्षात ठेवा," साहेब म्हणाले.

"ठेवलंय. आधी सराव घ्या, मग सही घ्या."

"आणि सराव कुणावर करायचा? मोडायला माणूस आणू?"

तोच मी आणला. गणपती नुकतेच होऊन गेले होते, पेणचे मूर्तिकार जरा निवांत होते. सुट्टीच्या दिवशी एसटीने गेले आणि एका म्हाताऱ्या मूर्तिकाराला म्हटलं, "काका, मला शाडूच्या मातीचा माणूस करून द्या. कमरेपर्यंत पुरे. पण मान अशी करा, की धसमुसळेपणा केला तर मोडली पाहिजे."

"मान?" ते हसतच सुटले. "अगो बाय, गणपतीला मान दिसते काय कुठं? जल्मात मान नाय बनवली मी!"

बनवली मात्र झकास. फक्त हाताच्या सवयीने माणसाचं पोट सुटलं होतं आणि कानही अंमळ मोठे झाले होते.

पेंढ्यात गुंडाळून तो रोह्याला आणला, आवारातल्या भंगार जीपमध्ये बसवला, दार ठोकून वाकवलं आणि सगळ्यांना बोलावलं. साहेबही आले, गंमत बघायला.

"सिस्टर, याला निवेद काय दावायचा?" आमचा ड्रायव्हर म्हणाला.

"मान शाबूत ठेव, तोच निवेद."

यंत्र चालूच होईना. कपाटात बसून गंजलं होतं बिचारं. मग सवयीचे हात काखेत गेले, कट्‌कन आवाज झाला आणि डोकं जीपमध्ये गडगडत गेलं.

साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. "चला, आता झाला ना सराव? करा सही."

मी लिहिलं, 'रुग्णाची मान मोडली. सराव झाला नाही.' खाली सही केली. साहेबांनी ते खोडलं. मी त्यांच्यादेखत खालच्या ओळीत पुन्हा तेच लिहिलं. ते काही बोलायच्या आत ड्रायव्हरने माझ्या हातातलं पेन घेतलं. कासूला पहिले काखेत गेलेले हात त्याचेच होते. "खरं हाय ता लिवलंय," म्हणाला आणि माझ्या सहीखाली त्याने सही केली. मग बाकीच्या तिघांनी. पाच सह्या खोडणं साहेबांना जमलं नाही.

यंत्र दुरुस्त झालं. दर महिन्याला सराव सुरू झाला. मोडलेला माणूस मी पेणला न्यायची, काका माती भिजवून नवा करून द्यायचे. सहाव्या खेपेला तो मानेसकट बाहेर आला, तेव्हा आम्ही लहान पोरांसारखे ओरडलो. माझी नोकरी मात्र बरीच वर्षं कायम झाली नाही. नाही तर नाही!

शाडूची माती भिजवली की माणूस पुन्हा उभा राहतो. कासूचा राहिला नाही. त्या दिवशी मी गप्प बसले, त्यावरची सही माझीच आहे आणि ती मी कुणाला खोडू देणार नाही.