वहिनींचा आवाज

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. भेटेल तो मला समजावतो, एवढं काय मनाला लावून घेता, सगळीकडेच एआय येतंय. येऊ दे की! मी काही कॉम्प्युटरला बिचकणारा माणूस नव्हे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी अर्धी उमर गेली. आम्ही गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. दुधाचं माप, फॅट, पावती आणि दूध संघाला रोज जाणारी माहिती, हे सगळं त्यात असतं. त्याच्या जोडीला अडलेल्यांसाठी मदतीचा फोन. त्या विभागाचा प्रमुख मी होतो, पण फोन म्हणजे वहिनी.

वहिनी आमच्याकडे पहिल्यापासून. कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या, नवरा फौजेत, आणि जीभ अशी की खुद्द सरांनाही चारचौघांत ऐकवायच्या. सर म्हणजे कंपनीचे मालक. ऑफिसातले सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून माणपासून जतपर्यंतच्या डेअऱ्यांचे सेक्रेटरीही वहिनीच म्हणायला लागले. त्यातल्या निम्म्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. आवाजावरून ओळखायचे, आणि लेकीची सोयरीक जमली की ती बातमीही त्याच फोनवर द्यायचे.

आमच्याकडे फोनची एक रीत होती. समोरच्यानं अडचण सांगितली की आधी म्हणायचं, "झालं समजा," आणि फोन ठेवल्यावर ते काम करूनच उठायचं. ही रीत सरांनीच घालून दिलेली. स्कूटरवर पायांपाशी कॉम्प्युटर ठेवून ते स्वतः गावं फिरायचे तेव्हाची. "फोन ठेवायच्या आधी माणसाचा जीव भांड्यात पडला पाहिजे," असं ते आम्हाला बजावायचे. दुष्काळी पट्ट्यातल्या एखाद्या डेअरीचा दूध थंड ठेवणारा कूलर बंद पडला, की सेक्रेटरी घाबरून आम्हाला फोन करायचा, टँकर लवकर पाठवा म्हणून. खरं तर टँकर हे आमचं कामच नव्हतं. पण संघाच्या ऑफिसात फोन कुणी उचलत नसे. वहिनी "झालं समजा" म्हणायच्या, फोन ठेवायच्या, स्वतःचा मोबाइल काढून टँकरच्या ड्रायव्हरला गाठायच्या आणि त्याची वाट बदलायला लावायच्या. दूध वाचायचं. यातलं काहीही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं.

मग सरांना एआयनं झपाटलं. कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या सगळ्यांना महाबळेश्वरला नेलं. कंपनीचा कायापालट करायचा म्हणून शिबिर! पुण्याहून एक सल्लागार आणलेला. आम्ही हॉटेलच्या हॉलमध्ये स्ट्रॉबेरी क्रीम खात बसलो आणि तो आम्हाला सांगत होता की जुन्या सवयी मोडल्याशिवाय कंपनी टिकणार नाही. पहिली सवय मोडायची ती फोनची. यापुढं फोन माणसाऐवजी एआयचा बॉट उचलणार, आणि तो आपल्या भागातली भाषा बोलणार.

त्या बॉटला आवाज कुणाचा द्यायचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खूश होत्या, हेही सांगायला हवं. त्यांना नव्याची हौस होती. दिवसभर काचेच्या खोलीत बसून त्यांनी वाक्यं वाचून दाखवली, जुन्या फोनची सगळी रेकॉर्डिंगं बॉटला शिकवायला दिली गेली, आणि शेवटी सरांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. मीही टाळ्या वाजवल्या.

बॉट सुरू झाला त्याच आठवड्यात वहिनींना वरच्या मजल्यावर जाहिरातीचे मजकूर तपासायला बसवलं. ज्या बाईनं कंपनी जिभेवर तोलून धरली तिला "आमची उत्पादने सर्वोत्तम" यातली वेलांटी बघायचं काम! माझ्यासमोर एक पडदा लावून दिला. फोन करणारा समाधानी असला की त्यावर हिरवा ठिपका यायचा. सगळा पडदा कायम हिरवागार. सर पाहुण्यांना माझ्या टेबलापाशी आणून तो दाखवायचे, आणि मला दात विचकून हसावं लागायचं.

उन्हाळ्यात आटपाडीच्या पलीकडच्या एका गावात डेअरीचा कूलर बंद पडला. सकाळचं दूध नुकतंच भरलेलं. सेक्रेटरीनं फोन केला. बॉटनं अडचण नीट ऐकून घेतली, वहिनींच्या आवाजात धीर दिला आणि म्हणाला, "झालं समजा, टँकर निघतोय." बॉटला एवढंच ठाऊक होतं. रेकॉर्डिंगमध्ये पुढचं काही नव्हतंच, कारण ड्रायव्हरला फोन वहिनी स्वतःच्या मोबाइलवरून करायच्या. टँकर निघाला नाही. दुपारी गावानं सगळं दूध ओढ्यात ओतलं. माझ्या पडद्यावर त्या फोनपुढं हिरवा ठिपका होता, कारण सेक्रेटरी शेवटी म्हणाला होता, "लय बरं झालं."

दुसऱ्या दिवशी बैठक. मला वाटलं होतं, सर हादरले असतील. कसलं काय! सल्लागार शांतपणे म्हणाला, "बॉट चुकलेला नाही. तो तुमच्या लोकांकडून शिकलाय. तुमचे लोक काम करायच्या आधीच झालं म्हणतात. डेटाच खराब आहे." नाचता येईना अंगण वाकडं! त्यावर सरांनी वहिनींकडे वळून विचारलं, "वहिनी, इतकी वर्षं तुम्ही ग्राहकांना खोटंच सांगत होता का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहून ओरडलो, "सर, ही रीत तुमची आहे. तुम्हीच शिकवलीत आम्हाला." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा कंपनी लहान होती." हा तोच माणूस, जो एके काळी डेअरीच्या ओट्यावर बसून सेक्रेटरीच्या डब्यातली भाकरी खायचा. त्या क्षणी मला त्याची किळस आली.

वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितली. "माझा आवाज काढून टाका." सर म्हणाले, ते शक्य नाही, सही केलीय तुम्ही, आवाज कंपनीचा आहे, आणि पुढच्या महिन्यात हाच बॉट दुसऱ्या संघालाही द्यायचाय. वर हुकूम सोडला, "त्या गावात तुम्हीच जा. तुमचं ऐकतील." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. वहिनींना एकटं पाठवायला मन धजेना, म्हणून गाडी मी काढली.

सेक्रेटरी धनगर समाजातले वयस्कर गृहस्थ. सगळा टापू त्यांना अण्णा म्हणतो. डेअरीच्या दारात त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. त्या भागात याचा अर्थ काय होतो, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"अण्णा, झालं ते लई वाईट झालं," वहिनी म्हणाल्या.

"कूलरचं काय न्हाई वैनी. मशीन हाय, बंद पडायचंच. शेजारच्या गावातला खासगी टँकर यायला तयार हुता. तुमी म्हनलासा झालं समजा, म्हनून मी त्येला नगं म्हनलो. बायामानसं येऊन इचारत हुती, टँकर कुटं हाय. मी सांगत बसलो, वैनींनी शब्द दिलाय, येतोय."

"ती मी नव्हते ओ अण्णा. ते मशीन होतं. माझा आवाज घातलाय त्यात."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. रागानं नाही. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते मला जास्त लागलं.

"आवं, तुमचा आवाज मला कळत न्हाई व्हय? दूध गेलं ते गेलं. चूक हुतीया मानसाची. पर आता खोटं कशापायी बोलतायसा?"

वहिनींनी त्यांच्याकडे फोन मागितला, आमचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"नमस्कार अण्णा, वैनी बोलतेय," फोन म्हणाला. "कूलर झाला का सुरू?"

वहिनी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. फोनमधल्या वहिनी अण्णांच्या तब्येतीची चौकशी करत होत्या, आणि काळजी अगदी खरी वाटत होती. अण्णांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे. मग हात लांब करून तो बंद केला आणि धोतराला हात पुसले.

"म्हंजी तुमी न्हवता," ते म्हणाले. "माफ करा वैनी, मी भलतंच बोललो." आणि मग त्यांनी विचारलं, "पर उद्या परत कूलर बंद पडला, मी फोन केला, आन आतनं तुमीच बोललासा, तर त्या खऱ्या तुमी हे मी वळखायचं कसं?"

वहिनींनी फोन त्यांच्या हातात परत दिला.

"नाही ओळखता येणार अण्णा," त्या म्हणाल्या. "यापुढं फोनवर माझा आवाज आला, तर विश्वास ठेवू नका. मी स्वतः असले, तरी ठेवू नका."