पाटलाचा बैल फाडणारा साहेब

त्या साहेबाचं नाव मी विचारलं नाही. धम्म घेतला तवापासून आमच्या मोहल्ल्यानं मेलेली ढोरं ओढणं, फाडणं सोडलं होतं. पुढच्या साली उमरखेडकडच्या आमच्या गावात ढोरं पटापट मरून राह्यली होती. पाटलाचा बैलही मेला अन् गोठ्यासमोर तसाच पडून राह्यला.

मग हा साहेब आला. बारीक, चष्मेवाला, ढोराच्या रोगावर शोध करणारा. बैलाच्या पोटातली तिल्ली काढून तपासल्याशिवाय बुळकांडीचीच साथ आहे का, ते नक्की सांगता येत नाही म्हणे.

पाटलानं मले हाक मारली. "ये रे, बैल फाड. साहेब थांबून राह्यले."

"आमी ते काम सोडलं, पाटील."

"मंग गावाची ढोरं मरू द्याची काय?"

माझी गाय बी घरी लाळ गाळून राह्यली होती. तरी मी हटलो नाही.

साहेब म्हणाला, "त्यांना कशाला सांगता? माझं रोजचंच काम आहे हे."

त्यानं चष्मा पुसला, बाह्या वर सारल्या अन् गुडघ्यावर बसून बैल फाडला. मी पाहतच राह्यलो. एवढा शिकलेला माणूस! तिल्ली बर्फाच्या डब्यात ठेवताना तो चक्क शीळ वाजवत होता.

मग रक्ताचे हात पुढे करून पाटलाले म्हणाला, "जरा पाणी घाला."

पाटील मागं सरकला. ज्याच्यासाठी आत चहा उकळत होता, त्याच्या हातावर पाणी टाकाले जमलेल्या गावातलं कोणीच पुढं येईना. साहेब तसाच हात पुढं धरून एकेकाच्या तोंडाकडं पाहत होता. त्याले काही समजेना.

मले समजत होतं. मी घरून घागर आणली अन् धार धरली.