नोएमीमावशीची उधार थप्पड

नाव मी ठेवलं. सेव्हेन नावाच्या आमच्या फ्रेंच डोंगरमुलखात माझ्याइतका शिकलेला दुसरा कोणी नाही, असा माझा समज होता. तो मी शेजारच्या, सगळ्या वाडीच्या नोएमीमावशीच्याही गळी उतरवला, तिथून घोळ सुरू झाला.

जर्मन खाली निम शहरापर्यंत येऊन बसले होते. ज्यू माणूस सापडला की, मग तो पाच वर्षांचा का असेना, त्याला गाडीत कोंबून पूर्वेकडं पाठवत होते. मावशी दर बाजाराला शेळीचं चीज घेऊन खाली उतरायची आणि परतताना टोपलीसोबत एखादं ज्यू पोर घेऊन यायची. मग ते कुठल्यातरी शेतघरात सोडायची. चालता चालता तिचं मोजे विणणं चालू. वाटेत कोणी विचारलंच, तर सुईवरची नजर न काढता म्हणायची, "भाचा." तिला बहीण एकच, तीही बिनलग्नाची. भाच्यांची गर्दी बघता त्या बिचारीची बदनामी केव्हाच व्हायला हवी होती.

सात वर्षांचा एली मात्र तिनं स्वतःकडंच ठेवून घेतला. का, ते विचारायची सोय नव्हती.

"एली नाव म्हणजे त्याला हातानं धरून देणं," मी म्हणालो. "इग्नास ठेवू."

आलेस शहरातल्या शाळेत माझ्या शेजारी एक इग्नास बसायचा, पोलिसाचा मुलगा. याहून बिनधोक नाव मला सुचत नव्हतं.

"मास्तर, नक्की ना?"

"मावशी, शाळा तू शिकलीस की मी?"

मग तिनं त्याला घोटवायला घेतलं. पाठीमागून, मध्येच, घास तोंडात असताना हाक. एकदा परीक्षा म्हणून तिनं गोठ्यातून "एली" अशी हाक मारली, आणि पोरानं चटकन ओ दिली. मावशीनं बाहेर येऊन थप्पड लगावली. शेळ्या ओढणारा हात तो, हलका कुठला असायला. पोरगा रडला नाही. एवढंच म्हणाला, "पण ते आईनं ठेवलंय."

मावशी परत गोठ्यात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवशीच्या चीजमध्ये मीठ दोनदा पडलं होतं. मी मुकाट्यानं खाल्लं.

पुढं चेस्टनट झोडायचा दिवस आला. धुरावर वाळवलेले चेस्टनट पोत्यात भरून ओंडक्यावर आपटायचे, म्हणजे सालं सुटतात. सगळी वाडी अंगणात जमली होती, आणि नेमका तेव्हाच खालच्या चौकीतला हवालदार सायकल ढकलत वर आला. कोणीतरी चोरून रानडुक्कर मारल्याची तक्रार होती म्हणे. त्याला बाकावर बसवलं, वाइनचा पेला दिला.

"एजेकिएल, पोतं धर."

"सारा, चाळण कुठाय?"

"सामुएल, पाय काढ तिथनं."

"इग्नास," मावशी म्हणाली, "पाणी आण जरा."

हवालदाराचा पेला ओठांशीच थांबला. "इग्नास? अहो बाई, तुमच्या डोंगरात हाक मारली की बायबलचा अर्धा जुना करार धावत येतो. हा संत कुठून उगवला?"

तेव्हा माझ्या शिकलेल्या डोक्यात उजेड पडला. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या पणज्यांच्या पणज्यांनाही कॅथलिक राजाचे शिपाई असेच हुडकत फिरायचे. तेव्हापासून संतांची नावं ठेवायची नाहीत, ठेवायची ती अब्राहामाच्या गोतावळ्यातली. एली नावानं हा पोरगा आमच्यात कुणाच्या डोळ्यांत आला नसता. मी त्याला पांढऱ्या कळपात काळं मेंढरू करून उभं केलं होतं.

म्हातारा एजेकिएल पोतं आपटायचं न थांबवता म्हणाला, "ते आमच्या मास्तराचं खूळ हो. कॅथलिकांत शिकून आलाय, आता दिसेल त्याला संत करत सुटलाय. मला फ्रांस्वा म्हणतो."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

"मग खरं नाव काय रे तुझं?" हवालदारानं पोराला विचारलं.

पोरगा मावशीकडं बघत राहिला. त्याचा हात आपोआप गालावर गेला. झोडणं थांबलं.

"सांग राजा," मावशी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "आईनं ठेवलेलं सांग."

"एली."

"आत्ता कसं," हवालदार म्हणाला. "एक एली शेळ्या राखतो, एक पिंपं सांधतो, हा तिसरा." पेला संपवून तो उठला. रानडुकराचं विचारायला विसरला, की त्याला सगळं कळलं होतं, यावर वाडीत अजून वाद आहे.

तो वळणाआड गेल्यावर मावशी पोरासमोर गुडघ्यांवर बसली आणि डावा गाल पुढं केला. "मार."

"आत्ता नको."

"मग कधी?"

"सांगीन."

युद्ध संपल्यावर लियोंहून त्याचा काका न्यायला आला. आई परत आली नव्हती. तिनं मागं ठेवलेलं नाव तेवढं त्याच्याजवळ होतं, आणि तेच मी हुशारी करून काढून घ्यायला निघालो होतो. थप्पड खाल्ली ती त्यानं, मारली ती मावशीनं. मला साधा ओरखडा नाही.

बसपाशी मावशीनं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा गाल पुढं केला. "आता तरी."

पोरानं आमच्या रीतीप्रमाणं तीन पापे घेतले.

"अरे, हे नव्हे," ती म्हणेस्तोवर बस हललीसुद्धा.

"मावशी, त्या थप्पडेतली निम्मी माझी," मी म्हणालो. "हा घे गाल."

"तुझ्या गालाला काय जाळायचंय, मास्तर? देणं त्याचं आहे."

अजूनही बाजाराच्या दिवशी बस यायची झाली, की मावशी विणकाम थांबवते आणि रुमाल सैल करते.