टिलमन बाई वाद जिंकल्या तेव्हा

टिलमन बाई,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तरी पत्र लिहिते आहे. ख्यालीखुशाली वगळते; निबंधाच्या समासात तुम्हीच लाल शाईनं लिहायचात, ‘मुद्द्यावर ये, हॅरिएट.’

मुद्दा असा की, नेब्रास्कातल्या आमच्या वॉर्डेल गावात तुमच्याइतकं फुटबॉलवेडं माणूस नव्हतं. चार भावांत वाढलेल्या तुम्ही! शनिवारी मैदानाच्या कडेला उभ्या राहून ओरडायचात, “अरे, चेंडू काखेत मारून पळतोय, धर त्याला! लोण्याचा गोळा आहेस का?” सारं गाव हसायचं. सामने बघायला लाकडी पायऱ्या उभारल्या त्या साली, म्हणजे १९३० मध्ये, तुम्हीसुद्धा फळ्या वाहिल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात चर्चच्या सभागृहात शेजारच्या गावाच्या शाळेशी आपला वादविवाद ठरला. विषय, ‘शाळा-कॉलेजांतला फुटबॉल बंद करावा.’ बाजू नेहमीसारखी नाणं उडवून ठरली आणि आपल्या वाट्याला ‘बंद करावा’ आलं. बोलायचं होतं मी. पण फुटबॉल संघाचा कप्तान रॉइस मला म्हणाला, “आमच्याविरुद्ध उभी राहा खुशाल. शाळेच्या नाचाला मी दुसरी बघतो.” दुपारपर्यंत माझा घसा बसला.

तुम्ही माझं तोंड उघडून पाहिलंत. “लाल तर दिसत नाही,” म्हणालात. मग नुसतं, “बरं. बस खाली.” आणि समोरच्या शाळेच्या बाईंची परवानगी घेऊन स्वतःच उभ्या राहिलात.

काय बोललात! “फुटबॉल शिकवणाऱ्याला पोराचं वजन ठाऊक असतं, तो कुठल्या वर्गात आहे ते नसतं,” हे वाक्य मला अजून पाठ आहे. रिवाजाप्रमाणे लोकांनी भाषणांआधी एकदा आणि नंतर एकदा आपलं मत चिठ्ठीवर लिहून दिलं. आधी ‘बंद करा’ म्हणणारे नऊ होते. नंतर त्र्याऐंशी! टाळ्या थांबेनात.

सकाळी गावाला लाज वाटू लागली. न्हाव्याच्या दुकानात, दाणेबाजारात एकच बोलणं, “बाईनं आपल्याकडून काय लिहून घेतलं!” चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण वॉर्डेलमध्ये अक्षर ओळखायला नाव लागत नाही. शाळा मंडळाच्या अध्यक्षांनी, शेंक साहेबांनीही ‘बंद’ लिहिलं होतं, म्हणून तेच सर्वांत जास्त तापले. मार्चमध्ये मंडळाची सभा भरली. ते तुमच्यावर गरजले,

“आज फुटबॉल मोडलात, उद्या प्रार्थना मोडाल!”

तुम्ही शांतपणे म्हणालात, “साहेब, नाणं उलटं पडलं असतं, तर एवढ्याच ताकदीनं मी फुटबॉल वाचवला असता.”

“ऐकलंत?” शेंक साहेब लोकांकडे वळले. “हिचा कशावरच विश्वास नाही! आणि ही आपली पोरं घडवणार!”

खरं बोलून माणूस इतकं बुडालेलं मी पुन्हा पाहिलं नाही. तुमची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. मागच्या बाकावर मी बसले होते. ‘ते भाषण माझं होतं, मी भ्याले म्हणून बाई उभ्या राहिल्या,’ एवढं बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी हातमोज्यांची बटणं लावत बसले. नाचालाही गेले. रॉइस धान्याची पोती सरकवावीत तसा नाचायचा.

त्या मंदीच्या वर्षांत नाव खराब झालेल्या मास्तरणीला कोण ठेवणार? ओमाहाच्या धुलाईघरात तुम्ही लोकांच्या कॉलरना इस्त्री करू लागलात. १९३३ च्या वसंतात तुमचं पत्र आलं. आयोवातली एक शाळा तुम्हाला घ्यायला तयार होती, मात्र वादविवादाच्या दिवशी काय घडलं ते एखाद्या विद्यार्थ्याकडून त्यांना लेखी हवं होतं. ‘चार ओळी पुरेत, हॅरिएट. मेअखेरीच्या आत धाड.’

मी तेव्हा कॉलेजच्या वादविवाद मंडळाची चिटणीस होते. चार ओळी मला जड नव्हत्या. बसले. तारीख घातली, ‘मुख्याध्यापक महोदय’ लिहिलं, आणि जेवणाची घंटा झाली. ते पत्र मी पुरं केलं नाही.