ओसाड काउंटीतलं एक मत

डीमन या डच गावात राहायला आल्यावर मला हा नाद लागला. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांचा डेटा साफ करायचा आणि रविवारी दुपारी, केवळ स्वतःच्या हौसेखातर, अमेरिकेच्या जुन्या निवडणुकांचे नकाशे रंगवायचे. जुन्या निकालांची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर मिळतात. त्यातले आकडे उतरवून एकेक काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच म्हणा, जिंकलेल्या पक्षाच्या रंगात भरायची.

त्या रविवारी इतकं धुकं होतं की खालची ट्राम नुसती ऐकू येत होती. माळरानातल्या एका काउंटीपुढे फक्त एकच मत लिहिलेलं दिसलं. लिहिणाऱ्याची चूक असणार, म्हणून मी ती ओळ उडवली. नकाशावर तेवढा चौकोन राखाडी राहिला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी माझं पार्सल द्यायला वर आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या डच बाई. स्क्रीन पाहून त्या थबकल्या आणि त्यांनी नेमकं त्या राखाडी चौकोनावर बोट ठेवलं.

"इथे माझ्या आजोबांचा थोरला भाऊ शेती करायचा," मला समजावं म्हणून त्या सावकाश डचमध्ये म्हणाल्या. "दुष्काळात सगळे उठून गेले. हा एकटा राहिला. पत्रात लिहायचा, रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रिकाम्या घरांत दिवे लावून येतो, नाहीतर फार भकास वाटतं."

उडवलेली ओळ मी परत आणली. चौकोन गर्द निळा झाला. मतांचा वाटा जितका मोठा तितका रंग गर्द; इथे एकच मत, म्हणजे एकाच पक्षाला शंभर टक्के, म्हणून अख्ख्या नकाशात सगळ्यात गर्द.

"म्हणजे हे त्यांचंच मत," मी म्हटलं.

आजींनी वर्ष विचारलं. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या.

"तिकडे निवडणूक कधी असते?"

"नोव्हेंबरमध्ये."

"तो त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. पोस्टमनने कळवलं होतं आम्हाला."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"दुसरं कुणी नव्हतंच गं तिथे."

त्या गेल्यावर मी पुढच्या निवडणुकीचं पान उघडलं. त्याच काउंटीपुढे पुन्हा एक.

काहीही न बदलता मी दोन्ही नकाशे पुरे केले. त्यापुढची पानं मात्र अजून उघडलेली नाहीत. जिन्यात भेटल्या की आजी विचारतात, "आणखी काही सापडलं का?"

मी नाही म्हणते.