डाव्या सीटखालचं पाणी

गुरुवारी सकाळी त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या गेटसमोर, मी गाडीत डोकं खाली अन् पाय सीटवर अशी पडले होते. बाहेर बाबा मगानं गाडीवर पाणी ओतत होते. शेजारच्या काकू दोनदा येऊन बघून गेल्या... बघू देत! आम्ही गळती शोधत होतो.

आधीचं सांगते. पावसाळा लागल्यापासून आमच्या जुन्या गाडीत पुढच्या डाव्या सीटखाली पाणी साचायचं. मॅट उचलली की खाली तळं, आणि वास असा की नाक दाबून बसावं. गॅरेजवाल्यानं एसीचा पाइप साफ करून दिला, दोन दिवसांनी पाणी परत हजर.

मग माझा संशय बाबांवर गेला. बाबा पंचाहत्तरीचे, आणि त्यांची दोन लिटरची बाटली कायम त्याच सीटवर आडवी पडलेली. झाकण नीट लावत नसतील, काच उघडी ठेवत असतील, विसरायला लागले असतील... पुण्याच्या दादाला फोन केला, तर तोही म्हणाला की आता त्यांना एकट्याला गाडी देऊ नकोस. एक चावी माझ्या पर्समध्ये असतेच, बाबांची मी खुंटीवरून उचलून लपवली. मागून घ्यायची हिंमत नव्हती, खोटं कशाला बोलू.

बाबा एवढंच म्हणाले, "मी नाही सांडवलं वं पाणी."

पण शनिवारी राखी होती. दर राखीला बाबा स्वतः गाडी चालवत कुहीला आत्याकडे जातात, त्यात कधी खंड नाही. यंदा मी म्हटलं, बसमध्ये बसवून देते. त्यांनी नुसती मान हलवली आणि ताट अर्धं ठेवून उठले. ते अर्धं ताट काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

बुधवारी धो धो पाऊस झाला. गाडी आठवडाभर जागची हलली नव्हती, काचा बंद, बाटली घरात. ऑफिसातून आल्यावर सहज दार उघडून बघते तर काय... मॅट चिंब! आत जाऊन म्हटलं, बाबा, उद्या सुट्टी घेते, जरा बघाल का?

आता बाबा म्हणजे जन्मभर पाणीपुरवठ्यात फिटर. रस्त्याखालच्या गळत्या शोधण्यात हयात गेलेला माणूस घरात बसलेला, आणि मी इकडे यूट्यूब बघत होते! काय म्हणावं मला...

त्यांनी आधी सगळं फडक्यानं कोरडं करायला लावलं, मग वर्तमानपत्रं अंथरली. म्हणाले की पाणी खालून वर ओतत जायचं, एकदम वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. "गळती जिथं दिसते तिथं नसते," हे त्यांचं वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

दाराच्या खालच्या कडेला एक मग... कोरडं. दाराच्या रबरावर... कोरडं. काचेच्या बाजूला... कोरडं. मग वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी असते ना, तिथं. एक मग, दोन मग, आणि तिसऱ्याला टपकन थेंब माझ्या कपाळावर! मी अशी ओरडले की काकू तिसऱ्यांदा आल्या.

बाबांनी पान्यानं वायपर काढले, जाळी उचलली. खाली नुसता काळा चिखल. पाणी जायचं भोक त्यानं पार बुजलेलं, म्हणून ते तुंबून ब्लोअरच्या वाटेनं आत येत होतं. आणि त्या चिखलात चक्क बोटभर उंचीचं झेंडूचं रोप! मी फोटो काढायला वाकले, तर मुळांत गुंतलेली हिरवी लोकर दिसली...

ती लोकर माझी होती.

साधा दोरा तुटतो म्हणून मी दसऱ्याला स्वेटरच्या उरलेल्या लोकरीत झेंडू ओवते. गाडीची पूजा झाली की हार, आपट्याची पानं, सगळं वायपरखाली खोचून मोकळी. सुकून कुठं जातं, कोण बघतो? दरवर्षी हेच.

लोकर बाबांनीही ओळखली होती. मी म्हटलं, "बाबा, पाणी तुम्ही नाही, मीच सांडवत होते." आणि रडूच आलं. त्यांनी रोप अलगद मुळासकट काढून माझ्या हातावर ठेवलं, काडीनं भोक मोकळं केलं आणि वरून पाच मग ओतले. सगळं पाणी खळखळत चाकापाशी बाहेर! आत वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत! अहो, मी गेटसमोर उड्या मारल्या, आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या.

बाबा हात पुसत म्हणाले, "आता जाय, तुरीच्या दाळीच्या डब्यातून माही चावी आण."

पंधरा दिवस त्यांना ठाऊक होतं चावी कुठं आहे ते. पंधरा दिवस त्यांनी तिला हात लावला नव्हता.

शनिवारी बाबांनीच गाडी चालवली. मी डाव्या सीटवर, चपला काढून, अनवाणी पाय कोरड्या मॅटवर ठेवून बसले होते. आत्यानं दारातच विचारलं, इतका उशीर काहून? बाबा म्हणाले की पोरगी सोबत होती, हळू चालवली. बाकी एक शब्द सांगितला नाही.

झेंडू आता पायरीवरच्या कुंडीत आहे, नवीन पान फुटलंय. गळती जिथं दिसते तिथं नसते, हे मी इतकी वर्षं फक्त पाइपांपुरतंच ऐकलं होतं... यंदा दसऱ्याचा हार दुसऱ्या दिवशी आठवणीनं काढायचा. आणि हो, चावी परत खुंटीवर आहे. डाळीच्या डब्यात आता फक्त डाळ.